कैची थांबली तेव्हा मणी धरले: इंदूरच्या एका अंगणातल्या ड्युरांटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या पश्चिम भागातल्या एका जुन्या मराठी वसाहतीतलं हे घर. ओळख पटू नये म्हणून माणसांचे आणि जागेचे काही तपशील बदलले आहेत.

घरात दोघीच राहतात. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांच्या सासूबाई, ज्यांना सगळी गल्ली आजी म्हणते, ऐंशी ओलांडलेल्या. मुलगा-सून पुण्याला, लेक अमेरिकेत बॉस्टनच्या बाजूला. मुलाची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती. ती दिवाळीत आणि मे महिन्यात इंदूरला येते. तिचं वय आणि तिच्या येण्याची वेळ, दोन्ही गोष्टी पुढे झाड निवडताना फार महत्त्वाच्या ठरल्या, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

ओटा आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये तीसेक फूट लांब, चार फूट रुंद असा मातीचा पट्टा आहे. तोंड पूर्वेला, त्यामुळे दुपारी एकपर्यंत चांगलं ऊन. माती माळव्याची काळी. पावसात फुगते, पाणी धरून बसते, आणि मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी जलूदहून येणारं नर्मदेचं, तेही एक दिवसाआड. टाकी भरायची, आणि त्यातच घरही भागवायचं आणि बागही. माळी आठवड्यातून एकदा येतो. गल्लीतली बरीच अंगणं त्याच्याकडेच आहेत, त्यामुळे एका घराला तास-सव्वा तासापेक्षा जास्त वेळ मिळत नाही.

आता इथल्या बागेचं वेळापत्रक. तेरडा, झिनिया, कॉसमॉस पावसाळा गाजवतात आणि दसऱ्याच्या आसपास मान टाकतात. पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस यांची रोपं ऑक्टोबरात लावली तरी ती भरात येईतो जानेवारी उजाडतो. मधले अडीच-तीन महिने अंगण रिकामं. झेंडू आणि शेवंती असतात, पण झेंडू दरवर्षी नव्याने लावावा लागतो आणि शेवंतीच्या कुंड्या वर्षभर जपाव्या लागतात. काकूंच्या गुडघ्यांना ते झेपत नव्हतं. त्यांना एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं, खिडकीच्या खाली राहणारं, आणि दिवाळी ते संक्रांत रंग देणारं काहीतरी हवं होतं.

अडचण

लेकीने नोव्हेंबरात एक फोटो पाठवला होता. पानं झडलेल्या काटक्या, आणि काटक्यांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लालभडक फळं चिकटलेली. विंटरबेरी. काकूंना ते झुडूप फार आवडलं. इथे त्या जातीचं झाड मिळेल का, असा त्यांचा पहिला प्रश्न होता.

त्याचं उत्तर सोपं होतं. विंटरबेरी उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. तिला आंबट, ओलसर माती लागते, खरी थंडी लागते, आणि नर-मादी झाडं वेगळी असल्यामुळे फळासाठी जवळपास नर झाडही लागतं. आपली काळी माती नेमकी उलट स्वभावाची, अल्कधर्मी. कुणी पार्सलने रोप आणून दिलंच तरी पहिल्या उन्हाळ्यातच ते जाणार.

दुसरा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होता. पट्ट्यात आधीच ड्युरांटाची हेज होती, सोनेरी पानांची, शहरातल्या प्रत्येक दुभाजकावर दिसते तीच. लावून पाच वर्षं झाली होती. लावताना नर्सरीवाल्याने सांगितलं होतं की याला जांभळी फुलं येतात आणि मग पिवळ्या मण्यांचे घोस लागतात. पाच वर्षांत एक फूल नाही, एक मणी नाही. काकूंचा समज झाला होता की चुकीचं रोप गळ्यात मारलं. सगळी हेज उपटून टाकायची त्यांची तयारी होती.

मी हेज दोन्ही हातांनी फाकवून पाहिली. बाहेरून भिंतीसारखी सपाट, तकतकीत. आत मात्र नुसत्या करड्या काटक्या, पान फक्त वरच्या चार बोटांच्या थरात. प्रत्येक काटकीच्या टोकाला कैचीचा आडवा छेद, छेदाखालच्या पेरातून दोन नवे कोंब, त्या दोन्ही कोंबांना पुन्हा छेद, आणि पुन्हा प्रत्येकी दोन. पाच वर्षांच्या छाटणीचा अख्खा इतिहास एका काटकीवर वाचता येत होता. कळीचा मागमूस नव्हता, आणि असणं शक्यही नव्हतं.

ड्युरांटाचा मोहर नव्या फुटीच्या टोकाला आणि टोकाजवळच्या पानांच्या बगलेत येतो. फूट वीतभर वाढली, थोडी जून झाली, की लोंबता तुरा निघतो. इथे माळी दर तिसऱ्या आठवड्याला कैची फिरवत होता आणि हिरवेगारपणासाठी मूठभर युरियाही टाकत होता. युरियाने फूट जोरात यायची, कैचीने ती तुरा धरण्याआधीच जायची. रोपात खोट नव्हती. त्याला फळापर्यंत पोचायला लागणारे तीन-चार महिने कुणी दिलेच नव्हते.

पहिला निर्णय: उपटायचं की थांबायचं

माळ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भैया, काटूंगा नहीं तो जंगल हो जाएगा।" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मोकळा सोडलेला ड्युरांटा दहा-बारा फुटांपर्यंत जातो, फांद्या कमानीसारख्या वाकून रस्त्यावर येतात, आणि जोमदार फांद्यांना बगलेत काटेही धरतात. काकूंची खिडकी जमिनीपासून साडेतीन फुटांवर. म्हणजे आटोपशीरपणा हवाच होता. तो सारखी कैची न चालवता कसा आणायचा, हे शोधायचं होतं.

ठरलं असं की हेज लगेच उपटायची नाही. फाटकापासून लांबच्या टोकाला सहा फुटांचा तुकडा राखायचा. फेब्रुवारीअखेरीस तो गुडघ्याच्या खाली आणायचा, पहिल्या पावसाच्या सुमारास शेंडे खुडायचे, आणि नंतर जानेवारीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. उरलेली हेज नेहमीसारखी कापत राहायची. माळ्याला खूण कळावी म्हणून त्या तुकड्याभोवती लाल सुतळी बांधली.

या तुकड्यासाठी एक अख्खा हंगाम गेला आणि काकूंना ते जड गेलं. पण झाड कुठे कमी पडतंय आणि निगा कुठे कमी पडतेय हे वेगळं करून पाहिल्याशिवाय दुसरं झाड आणलं असतं, तर त्याच्यावरही तीच कैची आणि तोच युरिया पडला असता.

ऑगस्टच्या अखेरीस त्या तुकड्यावर तुरे आले. निळसर जांभळी, पाच पाकळ्यांची, पावलीएवढी फुलं, त्यातल्या दोन पाकळ्यांवर गडद रेघ. दसऱ्याला पहिले मणी पिवळे झाले. पण ते विरळ होते. सोनेरी पानाची जात मुळात पानाच्या रंगासाठी निवडलेली, तिच्यावर फळाचा भर कमीच असतो. शिवाय पिवळ्या पानांवर पिवळे मणी चार पावलांवरून उठून दिसत नव्हते. काकूंनी ओट्यावर उभं राहून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, आहेत खरे, पण मला शोधावे लागतायत." निगा बदलली की फळ येतं हे सिद्ध झालं होतं. जात मात्र बदलावी लागणार होती.

तोलून पाहिलेले पर्याय

फोटो पाहून सुचलेली नावं आधी बाजूला काढली. पायरॅकॅन्था, म्हणजे कुमाऊँ-गढवालात डोंगरउतारावर वाढणारं घिंगारू, फळांनी लदलेलं फार देखणं दिसतं. पण त्याचा जीव डोंगरातल्या हवेत, आणि अंगावर लांब काटे. नॅन्डिना या लाल फळांच्या झुडपाचाही जीव थंड हवेतच. ती इथे सावलीत जगते, पण तिच्या फळांच्या भरवशावर बाग आखता येत नाही. ऑक्ना, ज्याला नर्सरीत मिकी माउस म्हणतात, काकूंना फार गोड वाटली. तिची पिवळी फुलं वसंतात येतात, मागची निदलं, म्हणजे फुलाखालची हिरवी दलं, लाल होतात, त्यांवर काळी फळं बसतात. पण हा सगळा सोहळा उन्हाळ्याच्या तोंडाशी उरकतो. काकूंना रंग हवा होता कार्तिक-मार्गशीर्षात.

करवंदाचा आग्रह आजींचा होता. काटक, पाणी कमी लागणारं, काळ्या मातीत तग धरणारं, आणि लोणचंही होतं. पण काटे दुहेरी आणि चांगले लांब, चार फूट रुंद पट्ट्यात, जिथून रोज येणं-जाणं. शिवाय आपल्याकडे फळ पावसाळ्यातच पिकून संपतं. आजींना मागच्या अंगणात एक करवंद लावून दिलं आणि पुढच्या पट्ट्यातून ते वगळलं.

कुंतीवर बराच विचार झाला. इंदुरात तिला सगळे कामिनीच म्हणतात. पांढरी सुगंधी फुलं, गडद हिरवं पान, आणि नंतर लांबट, शेंदरी-लाल फळं. ठेंगणी जात तीन फुटांच्या आत सहज राहते आणि काटे नाहीत. फळ हंगामभर एकसारखं लागत नाही, फुलोऱ्यांच्या लाटा येतात तसं लागतं. पण हिरव्या पानावर लाल रंग लांबूनही दिसतो.

अडचण वेगळीच निघाली. काकूंच्या मागच्या अंगणात जुनं, भरपूर धरणारं लिंबाचं झाड आहे. कुंती लिंबाच्याच कुळातली, आणि सिट्रस सायला नावाच्या बारीक किडीचं ते आवडतं झाड. हीच कीड लिंबू-संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवते, आणि त्या रोगावर इलाज नाही. कढीपत्त्यावरही ती पोसली जाते आणि कढीपत्ता घरात होताच. तेव्हा कुंती लावल्याने धोका शून्याचा शंभर होणार नव्हता, पण कीड वाढायला तीस फुटांचं कुरण मिळालं असतं. लिंबाचं झाड आजींच्या सासऱ्यांनी लावलेलं. त्याच्याशी जुगार खेळायला घरात कुणीच तयार नव्हतं, आणि मला ते पूर्णपणे पटलं.

उरला हिरव्या पानांचा साधा ड्युरांटा. मूळ मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेचा, पण आपल्याकडे इतका रुळलेला की परका वाटत नाही. काळी माती चालते, ऊन चालतं, एकदा मुळं धरली की पाण्याची ओढही सोसतो. मणी सप्टेंबर-ऑक्टोबरात पिवळे होतात आणि पक्ष्यांनी खाल्ले नाहीत तर जानेवारीपर्यंत टिकतात. हवा तो काळ अगदी बरोबर भरून निघत होता. फक्त एक मोठी गोष्ट त्याच्या विरोधात होती.

सगळ्यात अवघड निर्णय: मणी आणि लहान मूल

ड्युरांटाचे मणी विषारी असतात. त्यांत सॅपोनिन असतात. पोटात गेले तर उलट्या, पोटदुखी, ताप, गुंगी येते, बाहुल्या विस्फारतात, जास्त प्रमाणात गेले तर झटके येतात. मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, काही ठिकाणी जीव गेल्याच्याही. बुलबुल तेच मणी खातात आणि त्यांना काही होत नाही, त्यामुळे "पक्षी खातात म्हणजे आपल्यालाही चालतं" असा समज सहज होतो. तो खोटा आहे. आपल्या शहरांत हे झाड शाळांच्या कुंपणालासुद्धा लावलेलं दिसतं, म्हणून हे मी प्रत्येक घरी सगळ्यात आधी सांगतो.

इथे पेच असा होता की मणी भरात असतात दिवाळीला, आणि नात येते तीही दिवाळीलाच. अडीच वर्षांच्या मुलीला पिवळा, चकचकीत, बोराच्या आकाराहून लहान मणी दिसला की तो आधी तोंडातच जाणार.

घरात तीन मतं पडली. मुलाचं फोनवरून स्पष्ट म्हणणं: नको. आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी अंगणात धोतरा होता, कण्हेर होती. पोरांना सांगून ठेवायचं असतं." काकू मधल्या. मी मुलाच्या बाजूने होतो, निदान त्या वर्षापुरता तरी. सांगून ठेवलेलं अडीच वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहत नाही. कण्हेर आणि धोतरा असलेल्या अंगणांत मुलं वाचली ती बरीचशी नशिबाने, आणि घरात सतत माणसं असल्यामुळे. आज त्या घरात लक्ष ठेवायला दोन म्हाताऱ्या बायका आहेत.

मग तोडगा निघाला तो असा. रोपं लगेच लावायची, कारण छाट कलमाला, म्हणजे काडी लावून केलेल्या रोपाला, फळावर यायला तसाही वेळ लागणार होता आणि तोवर नात चारच्या पुढे गेली असती. ओट्याला लागून असलेल्या आणि फाटकाजवळच्या भागात ड्युरांटा लावायचा नाही, तिथे जुनी सोनेरी हेज तशीच कापत ठेवायची, म्हणजे तिला मणी येणारच नाहीत. फळणारी रोपं फक्त लांबच्या टोकाला, आणि त्यांच्या पुढे दोन फुटांवर कमरेएवढी लोखंडी जाळी. नात येण्याच्या आदल्या दिवशी मोठ्या माणसाच्या कमरेखालचे सगळे घोस कापायचे आणि खाली पडलेले मणी झाडून काढायचे. मणी घरात, रांगोळीत, पूजेत कुठेही आणायचे नाहीत. दिल्लीच्या एम्समध्ये चोवीस तास चालणारं राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा नंबर काकूंनी फ्रिजवर लावला. मुलाने या अटींवर होकार दिला.

प्रत्यक्ष काम

रोपं नर्सरीतून आणली नाहीत. बियांपासून केलेली रोपं कशी निघतील सांगता येत नाही: काही काटेरी, काही उंच सुटणारी, काही कमी फळणारी. काकूंच्या एका मैत्रिणीकडे रामबागेत जुना ड्युरांटा होता, पेरं आखूड, फांद्यांना काटे जवळजवळ नाहीत, आणि घोस दाट. तीन हिवाळे तो मैत्रिणीच्या डोळ्यांसमोर असाच फळत होता. जुलैत त्याच्या पेन्सिलीएवढ्या अर्धवट जून काड्या घेतल्या, वीतभर लांबीच्या, खालचा छेद पेराच्या लगेच खाली. पानं दोन ठेवून बाकी काढली, आणि वाळू व मातीच्या पिशव्यांत सावलीला ठेवल्या. पावसाळी हवेत बहुतेक काड्यांनी मुळं धरली. कलम असल्यामुळे आईचे गुण जसेच्या तसे आले. छोट्या अंगणात एवढ्या एका गोष्टीने पुढचं निम्मं काम वाचतं.

तोवर जागा तयार केली. लांबच्या टोकाची बारा फूट हेज मुळासकट काढली. काळ्या मातीत ड्युरांटा जगतो, पण पावसाळ्यात चार-चार दिवस मुळाशी पाणी साचलं की पानं पिवळी पडतात. म्हणून वाफा आठ इंच उंच केला, वरच्या थरात मुरूम आणि कंपोस्ट कालवलं. कंपोस्ट घरचंच. काकूंच्या मागच्या अंगणात विटांचा हौद आहे. कंपोस्टची गोष्ट इंदुरात निघाली की मला नेहमी आठवतं, याच शहरातल्या वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि मातीचे थर देऊन खत करण्याची रीत बसवली, आणि ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. काकूंना हे माहीत नव्हतं. पण त्यांचा हौद त्याच रीतीने भरलेला होता, सासूकडून शिकलेला.

आजींना बंबातली राख थेट झाडांच्या आळ्यात टाकायची होती. ती टाकू दिली नाही. राखेने माती आणखी अल्कधर्मी होते, आणि राखेतून मिळणारा पालाश (पोटॅश) काळ्या मातीत सहसा कमी नसतो. राख थोडी थोडी हौदात जाऊ दिली. आजींचंही समाधान झालं. युरिया मात्र पूर्ण बंद.

रोपं सप्टेंबरात, अडीच फुटांच्या अंतराने लावली. पहिल्या वर्षी फक्त शेंडे खुडले, फुटवे खालपासून यावेत म्हणून. पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी सगळी रोपं सव्वा फुटावर कापली, कैचीने नाही, सिकेटरने, म्हणजे एका हाताच्या छाटणी-कात्रीने, एकेक फांदी डोळ्याच्या वर. ही वेळ बरीच चर्चा करून ठरवली. जूनपर्यंत थांबलो असतो तर उन्हाळाभर मोठं झाड पोसायला टाकीचं पाणी गेलं असतं. फेब्रुवारीअखेर कापल्यावर झाड लहान होतं, उन्हाळ्यात पाणी कमी लागतं, आणि एप्रिलपर्यंत नवी फूट निघते. त्या फुटीवर मे महिन्यात थोडी फुलं येतात, ती सोडून द्यायची. पहिला पाऊस पडला की शेंडे तीन-चार बोटं खुडायचे, झाड भरदार होतं. आणि मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून कैची बंद, अगदी जानेवारी संपेपर्यंत. मध्येच एखादी फांदी सुसाट वर गेली तर ती एकटी मुळापासून काढायची, बाकीच्यांना धक्का न लावता.

सगळ्यात जास्त प्रयत्न इथे करावे लागले, आणि ते झाडावर नव्हते. माळ्याचा हात कैचीवर बसलेला, त्याला झाड सपाट दिसलं नाही की काम अर्धवट वाटायचं, आणि शेजारीपाजारी "यंदा हेज कापली नाही का?" म्हणून त्याला विचारायचे. काकूंनी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला आणि रामबागेतल्या झाडाचा फोटो दाखवला. त्याने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. पुढच्या आठवड्यापासून त्या पट्ट्यात तो स्वतःच कुणाला हात लावू देईना.

काय निघालं

पहिल्या पूर्ण हंगामात झाडं साडेतीन फुटांच्या जरा खाली थांबली. ऑगस्टात तुरे, त्यावर पांढरी-पिवळी फुलपाखरं, आणि ऑक्टोबरात मणी. जवळून पाहिलं तर प्रत्येक मण्याला निदलाचं पातळ आवरण असतं, मण्यासोबत वाढलेलं, आणि टोकाला वाकडी चोच काढलेलं. आत चार बिया, प्रत्येकीत दोन कप्पे.  दिवाळीला घोस एवढे भरले होते की फांद्या आपोआप वाकल्या आणि झाड आणखी बुटकं दिसलं. फळाचं वजनही उंची धरून ठेवतं, हे मला पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहायला मिळालं.

नात आली तेव्हा तिचं वय चार वर्षं पूर्ण होतं. ठरल्याप्रमाणे खालचे घोस काढले होते. तिने जाळीला नाक लावून "हे काय?" विचारलं, तिला सांगितलं, आणि दिवाळी व्यवस्थित पार पडली. पक्षी मात्र अपेक्षेपेक्षा आधी आले. डिसेंबरच्या मध्यापासून बुलबुलांनी वरचे घोस साफ करायला सुरुवात केली, आणि संक्रांतीला झाडावर थोडेच मणी उरले. काकूंना त्याचं वाईट वाटलं नाही. आजींना तर बुलबुल बघायला मिळतात म्हणून खुर्ची खिडकीशी हवी असते.

उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण दिसला, मुख्यतः जुन्या सोनेरी हेजच्या दाट भागात. पाण्याचा जोरदार फवारा आणि दोनदा निंबोळी तेल एवढ्यावर भागलं. मोकळ्या वाढलेल्या झाडांवर, जिथे वारा खेळतो, तो फारसा गेला नाही.

एक गोष्ट लक्ष ठेवण्यासारखी निघाली. पुढच्या पावसाळ्यात पट्ट्याच्या बाहेर, गटाराच्या कडेला आणि लिंबाखाली ड्युरांटाची रोपं उगवली. बुलबुलांनी टाकलेल्या बिया. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, दक्षिण आफ्रिकेत आणि पॅसिफिकमधल्या अनेक बेटांवर हे झाड असंच पसरून रानात शिरलं आहे. गल्लीत रोप उपटणं सोपं आहे, पण ज्याचं घर ओढ्याला किंवा रानाला लागून आहे त्याला मी ड्युरांटा सुचवणार नाही. तिथे ठेंगणी कुंती किंवा करवंद लावावं.

आज हेच काम नव्याने करायचं असतं तर

सहा फुटांची चाचणी ठेवली असतीच, पण तिच्याच सोबत जुलैत रामबागेतल्या काड्याही लावल्या असत्या. काडीला खर्च काहीच नाही. चाचणी उलटी निघाली असती तर रोपं कुणालाही देता आली असती, आणि काकूंचं एक वर्ष वाचलं असतं.

जाळी दोन फुटांऐवजी तीन फुटांवर हवी. घोस भरल्यावर फांद्या बाहेर झुकतात, आणि पहिल्याच वर्षी काही घोस जाळीच्या वरून ओट्याच्या बाजूला आले. ते त्याच दिवशी कापले, पण रोप लावतानाच फळाच्या भाराने किती झुकेल याचं माप धरायला हवं.

मूल दोन-तीन वर्षांचं असेल आणि वर्षभर त्याच घरात राहत असेल, तर कितीही जाळ्या लावल्या तरी मी ड्युरांटा लावू नका असंच सांगेन. या घरात हे जमलं कारण नात वर्षातून दोनदाच येते आणि येण्याची तारीख आधी कळते. रोज अंगणात खेळणाऱ्या मुलासाठी हा हिशेब लागू पडत नाही. अशा घरांनी कुंतीने सुरुवात करावी, मूल सहा-सात वर्षांचं झालं की मग बघावं. लिंबाचं झाड असेल तर कुंतीची नवी फूट महिन्यातून एकदा उलटसुलट करून पाहावी. सायलाची पिल्लं कोवळ्या पानांवर पांढऱ्या मेणाच्या दोऱ्यांसकट बसलेली दिसतात, दिसली की ती फूट खुडून पिशवीत बांधून टाकावी.

काकूंचा पुढचा प्रश्न सोनेरी हेजचा आहे. ती अठरा फूट अजून तशीच, दर तिसऱ्या आठवड्याला कापली जाते, पाणी खाते आणि देत काही नाही. नात शाळेत जाऊ लागली की फाटकापासून आत सहा फुटांचा आणखी एक तुकडा बदलायचा, असं त्यांच्या मनात आहे. रामबागेतल्या झाडाच्या डझनभर काड्या या जुलैतच पिशव्यांत लावून झाल्या आहेत.